रतनपूरची रामटेकरी आणि भिलाईची मराठी

मागच्या भागानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "कर्नलसाहेब, तुम्ही छत्तीसगडात राहता. तिथं मराठे कधी आले, आणि तिथली मराठी आता किती उरली?" त्यांच्या मते हे दोन प्रश्न होते. मला मात्र दोन्हीचं उत्तर एकत्रच द्यावं लागेल. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. भिलाई, सेक्टर ६. आमच्या ओळीत डावीकडे बंगाली घर, उजवीकडे तेलुगू, समोर दुर्गजवळच्या एका खेड्यातलं छत्तीसगढी कुटुंब. सेक्टरातच कालीबाडी आहे, गुरुद्वारा आहे, मशीद आहे. पोलाद कारखान्यानं देशभरातून माणसं आणली आणि सेक्टरांत पेरली. माझे वडील १९५६ च्या उन्हाळ्यात नागपूरहून बांधकामावर ओव्हरसिअर म्हणून आले. सोव्हिएत रशियाशी कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्याच्या राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल रायपूरचे, पण बसायचे नागपुरात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हा वडील परप्रांतीय झालेले होते. ते शेवटपर्यंत म्हणायचे, "मी बदलीवर आलो होतो रे, देशांतर नव्हतं केलं."

निवृत्तीनंतर मी त्यांच्याच घरात राहायला आलो. माझी पत्नी आणि पुण्यातला भाचा दोघंही म्हणतात, घर विका, नागपूरला चला, आपल्या माणसांत. या "आपल्या माणसांत"ला उत्तर शोधता शोधता मी हा इतिहास वाचायला लागलो, हे खरं कारण.

काही वर्षांपूर्वी एका मंडळानं गणेशोत्सवात मला भाषणाला बोलावलं. विषय दिला होता, "छत्तीसगडवरील मराठ्यांचा देदीप्यमान विजय." मी म्हटलं, बोलतो, पण देदीप्यमान काढा. तोफखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला लढाई कशाला म्हणायचं हे थोडंफार कळतं. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, ज्यांना आपण भास्करपंत म्हणतो, बंगालच्या स्वारीच्या वाटेवर रतनपूरला आले. रतनपूर ही हैहयवंशी राजांची शेकडो वर्षांची राजधानी. गादीवर होता रघुनाथसिंह, म्हातारा, मुलगा गेल्याच्या दुःखात बुडालेला. त्यानं लढण्याचा प्रयत्नच केला नाही. तोफांनी राजवाड्याचा एक भाग पडला आणि किल्ला शरण आला. भास्करपंतांनी खंडणी बसवली, राजाला मांडलिक म्हणून तिथंच ठेवलं आणि पुढं बंगालकडे कूच केलं.

सैनिकी नजरेनं यात चूक काढायला जागा नाही. नागपूर ते बंगाल हा पल्ला मोठा, मध्ये छत्तीसगड. पुढं जाणाऱ्या फौजेला मागचा रसदीचा रस्ता हातात हवा. रतनपूर हा त्यांचा मुक्काम नव्हताच, वाटेवरचं नाकं होतं. हे मी भाषणात सांगितलं. टाळ्या बेताच्याच पडल्या.

पण ती फौज पुढं बंगालमध्ये गेली त्याचं काय झालं, हे मला आमच्या शेजारच्या काकीमांकडून लहानपणीच कळलं होतं. त्या मुलाला झोपवताना एक अंगाईगीत म्हणायच्या. बंगालमध्ये ते घरोघर म्हणतात. बाळा झोप, बर्गी आले, आता सारा कशानं भरू, असा त्याचा आशय. आईनं एकदा विचारलं, हे बर्गी कोण? काकीमा हसून म्हणाल्या, "आप लोग!" आई भयंकर ओशाळली. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या. आमच्या घरापुरती नुकसानभरपाई म्हणा!

बर्गी म्हणजे आपला बारगीर. मराठा घोडदळात स्वार दोन प्रकारचे. शिलेदार स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन यायचा. बारगिराला घोडं आणि हत्यार सरकारातून मिळायचं. आपल्याकडे हा निव्वळ हिशेबाच्या वहीतला फरक. बंगालमध्ये त्याच शब्दाचा बागुलबुवा झाला. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं या स्वाऱ्या चालल्या. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा डिच. गंगारामानं बंगालीत त्या धामधुमीवर काव्य लिहिलं, नाव ठेवलं महाराष्ट्र पुराण. भास्करपंतांना १७४४ मध्ये अलिवर्दी खानानं बोलणीसाठी बोलावून दग्यानं मारलं, तो प्रसंग आपण चवीनं सांगतो. त्याआधी खेड्यापाड्यांतून काय झालं ते सांगत नाही. आपल्या फौजेच्या शौर्याचा मला अभिमान आहे, कुणाच्या दाराशी तो मिरवायचा नाही एवढंच.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. भास्करपंत आले आणि गेले. राहिला तो दुसराच माणूस, बिंबाजी भोसले.

रघूजी पहिले १७५५ मध्ये वारले. मुलं चार, जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. वाटणीवरून जे व्हायचं ते झालं. बिंबाजींच्या वाट्याला छत्तीसगड आलं. नागपूरच्या दृष्टीनं तो कोपऱ्यातला, जंगलातला भाग. घरातल्या कुणाला तो फार हवा असेल असं वाटत नाही. सैन्यात आम्ही अशा पोस्टिंगला काय म्हणतो ते इथं सांगत नाही. पण हा माणूस १७५८ च्या सुमारास रतनपूरला आला आणि १७८७ मध्ये मरेपर्यंत राहिला. नावापुरता नागपूरच्या अधीन, बाकी दरबार स्वतःचा, फौज स्वतःची. रतनपूर आणि रायपूर हे दोन्ही भाग त्यानं एका कारभाराखाली आणले. कागदोपत्री मराठी आली, मोडी लिपी आली.

आणि त्यानं रतनपूरच्या टेकडीवर रामाचं देऊळ बांधलं. त्या टेकडीला म्हणतात रामटेकरी.

नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. नागपूरच्या ईशान्येला रामटेक, टेकडीवर रामाचं देऊळ, भोसल्यांचं श्रद्धास्थान. भिलाईहून बिलासपूर आणि तिथून पंचवीस किलोमीटरवर रतनपूर. मी पहिल्यांदा त्या टेकडीवर चढलो तेव्हा वर उभा राहून खालची तळी बघत होतो. लक्षात आलं की हे विजयाचं स्मारक नाही. विजयाचं असतं तर गावात, राजवाड्यासमोर असतं. हे घरच्या आठवणीनं बांधलेलं आहे. याला कागदाचा पुरावा माझ्याकडे नाही, हे माझं वाचन आहे. पण राजस्थानच्या वाळूत तंबूबाहेर विटा रचून तुळस लावणारा सुभेदार मी पाहिलाय. अरुणाचलच्या चौकीवर पत्र्याच्या डब्याचा मखर करून गणपती बसवणारे जवान पाहिलेत. माणूस लांब गेला की गाव उचलून आणू शकत नाही, मग एखादी खूण आणतो. बिंबाजी राजाचा मुलगा, त्यानं टेकडी आणली.

दुसरी खूण त्याहून टिकाऊ निघाली. दसऱ्याला सोनं लुटायचं, म्हणजे पानं एकमेकांना द्यायची. छत्तीसगडच्या शाळा-कॉलेजांतल्या इतिहासात हे शिकवतात की ही प्रथा इथं बिंबाजींनी सुरू केली. आज मराठीचा गंधही नसलेल्या घरांत इथं दसऱ्याला सोनपत्ती देतात, थोरांच्या पाया पडतात.

बिंबाजींनंतर मात्र चित्र पालटलं. पुतणे व्यंकोजी यांच्याकडे छत्तीसगड आलं, पण त्यांना नागपूरच बरं वाटलं. मग रतनपूरला सुभेदार बसवून कारभार सुरू झाला. विठ्ठलराव दिनकर या सुभेदारानं जुन्या गढींची व्यवस्था मोडून परगणे पाडले, परगण्यावर कमाविसदार नेमला. सुभेदाराचं पद म्हणजे जवळजवळ ठेकाच झाला. अमुक रक्कम नागपूरला भरा, बाकी तुमचं तुम्ही बघा. ज्याला पुढच्या वर्षी आपण असू की नाही ठाऊक नाही, तो रयतेकडून काय आणि कसं वसूल करणार हे सांगायला नको. इंग्रजांनी त्यांच्या लिखाणात हा काळ काळाकुट्ट रंगवला. त्यात त्यांचा स्वार्थ होताच, आधीचा राजा वाईट ठरला की आपण चांगले. तरी सगळंच खोटं म्हणता येत नाही. बिंबाजी इथं राहायला आले होते आणि सुभेदार वसुलीला, हा फरक रयतेला पुस्तकाशिवाय कळला असणार.

पुढचं भराभर सांगतो. १८१८ मध्ये इंग्रजांची देखरेख आली, त्यांच्या अ‍ॅग्न्यूनं मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, वारस नाही, आणि १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. झाला कारभार. मोडी दप्तर बासनात गेलं. कचेरीची भाषा म्हणून मराठी इथं जेवढी आली होती तेवढीच गेली.

आणि तरीही मराठी घरं राहिली. कारकून, वैद्य, भटजी, मास्तर, नंतर रेल्वेची माणसं. या घरांनी काय केलं बघा. छत्तीसगडचं पहिलं हिंदी मासिक, छत्तीसगढ मित्र, जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा या आडगावातून निघालं. संपादक माधवराव सप्रे, सोबतीला रामराव चिंचोळकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. आडनावं पुन्हा एकदा ऐका. तिघांच्याही घरात मराठी. मासिक तीन वर्षं चाललं. त्यातच १९०१ मध्ये सप्र्यांची एक टोकरी भर मिट्टी ही कथा आली, हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. पुढं याच सप्र्यांनी टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं, समर्थांचा दासबोध हिंदीत नेला. पुण्यात सप्रे हे नाव घेतलं तर लोक विचारतात, कुठले सप्रे? हिंदीत मात्र त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

आमच्यापासून तासाभरावर राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय कॉलेजात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. १९६४ मध्ये ते गेले, आणि त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी, ते गेल्यावर आला. हिंदीतला हा एवढा मोठा कवी मराठी घरातला. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहायचे, नागपुरात राहायचे, १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी मिळाला. एकाच आईची दोन मुलं, एक हिंदीचा कवी, एक मराठीचा. मला कुणी विचारतं, तुमच्या नातीची मातृभाषा नक्की कुठली, तेव्हा मी या दोन भावांची गोष्ट सांगतो. समोरचा गप्प बसतो, माझं समाधान होतंच असं नाही.

संगीताचंही असंच. खैरागडच्या राजानं राजवाडा देऊन टाकला आणि १९५६ मध्ये तिथं संगीत-कलांचं विद्यापीठ उभं राहिलं. सुरुवातीच्या काळात कुलगुरू कोण? भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, मुंबईचे. खैरागडवर स्वतंत्र भाग करायचा आहे, म्हणून इथं थांबतो. घरातलं संगीत म्हणाल तर आमच्याकडे मर्फीचा रेडिओ होता. रायपूर केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं, त्याआधी आणि नंतरही वडिलांचा काटा रात्री नागपूरवर. खरखरीतून एखादं नाट्यपद अर्धं यायचं, उरलेलं वडील स्वतः पुरं करायचे, सुरात नव्हे. दिवसा मात्र शेजारच्या गावाहून पंडवानीचा तंबुरा ऐकू यायचा. तीजनबाई गनियारीच्या, म्हणजे आमच्या बाजूच्याच, आणि पुढं त्यांनी याच कारखान्यात नोकरीही केली. हातात तंबुरा घेऊन एकटी बाई भीम होते, दुःशासन होते. आजोबांकडून कीर्तनातलं आख्यान ऐकलेल्या आम्हा पोरांना ते परकं वाटलंच नाही.

भाषेच्या गमतीजमती सांगितल्याशिवाय भिलाईची गोष्ट पुरी होत नाही. छत्तीसगढीत ददा म्हणजे बाप, आमच्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ. तिकडे दाई म्हणजे आई, इकडे दाई म्हणजे बाळंतपण करणारी. समोरच्या ददांनी आईला विचारलं, "दाई कइसे हे?" आई म्हणाली, दाई कशाला लागतेय आता? आईनं हिंदी शाळेच्या गुरुजींना सांगितलं, पोराला शिक्षा करू नका. गुरुजी चक्रावले, शिक्षा नाही द्यायची तर शाळेत पाठवता कशाला? पाहुण्याला "खाली बसा" म्हटलं की तो रिकामी खुर्ची शोधायचा. आणि आमची स्वतःची मराठी? नागपूरचं "करून राहिलो" तर रक्तातच. त्यावर भिलाईनं "लाईट चालली गेली" आणि "चहा पिऊन घे" चढवलं. पुण्यात माझ्या मराठीला हसतात. मी त्यांना सांगतो, मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान ज्या घोषणेवर शत्रूवर तुटून पडतात ती "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" अशी आहे, "की" हिंदीतला. त्यांच्यासोबत निरीक्षक अधिकारी म्हणून मी डोंगरावर होतो. ती घोषणा ऐकताना व्याकरण कुणाला आठवत नाही.

आणि मंडळी, बस्तरची हलबी. १९०५ मध्ये ग्रियर्सननं भाषांची पाहणी छापली, त्यात हलबी त्यानं मराठीच्याच खंडात ठेवली. हलबीत छत्तीसगढी आहे, ओडिया आहे, पण संबंध दाखवायला प्रत्यय आहे "चो". मोचो म्हणजे माझा, राजा चो म्हणजे राजाचा. मी जगदलपूरच्या बाजारात पहिल्यांदा हा "चो" ऐकला आणि सामान तिथंच ठेवून त्या बाईंशी बोलत बसलो. त्यांना वाटलं, भावासाठी घासाघीस चाललीय. काही लोक सांगतात की ही मराठ्यांच्या राज्याची देणगी. तसं वाटत नाही. हलबा लोक भोसल्यांच्या कितीतरी आधीपासून तिथं आहेत, ते भंडारा-गडचिरोलीतही आहेत. ती भाषा कुणाच्या फौजेमागून आली नाही. माणसं शेत करत, बाजार करत या बाजूची त्या बाजूला होत राहिली आणि बोलीही त्यांच्यासोबत गेली.

तर, मराठी किती उरली? आमच्या घरात नात कळतं तेवढं सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. रागावली की छत्तीसगढीत देते, ते ती समोरच्या घरातून शिकली. मी पूर्वी दुरुस्त करायचो. आता तिला रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं मराठी मोठ्यानं वाचायला लावतो, चूक झाली तरी पुढं जाऊ देतो. घर विकायचं की नाही यावर पत्नीशी बोलणं चालूच आहे. या हिवाळ्यात तिला रतनपूरला नेणार आहे, टेकडी चढायला गुडघे तयार असले तर.

गेल्या दसऱ्याला नात समोरच्यांकडून मूठभर पानं घेऊन आली. म्हणाली, "आजोबा, सोनपत्ती! ये अपना नहीं है, ये छत्तीसगढ़ का त्योहार है, दादी को समझाना पड़ेगा." आजी आतून म्हणाली, "आपट्याचं सोनं म्हण." दोघींचा वाद जेवणापर्यंत चालला. मी पानं खिशात टाकली आणि समोर ददांच्या पाया पडायला गेलो, ते ऐंशी पार आहेत.

खैरागडच्या भागात भेटू. जय हिंद.